स्वयंचलित गिअरबॉक्स : एका कसबाचे स्थलांतर

आपल्या मंडळींच्या घरांत इतिहास हा शब्द उच्चारला की सनदा, वतनपत्रे, मोडी दफ्तरे आणि वंशावळी यांचीच आठवण प्रथम होते. यंत्रांची हकीकत इतिहास म्हणून क्वचितच वाचली जाते. वास्तविक गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत सामान्य माणसाच्या अंगच्या कसबात जे फेरफार झाले, ते समजून घ्यावयाचे तर यंत्रांचेही दफ्तर उघडावे लागते. प्रस्तुत लेखात मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची हकीकत सांगण्याचा विचार आहे. क्लचवर पाय आणि दांड्यावर हात ठेवून गाडी हाकणाऱ्याचे कौशल्य या पेटीने संपवले, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. माझ्या मते हे विधान अर्धेच खरे आहे. ते कौशल्य चालकाच्या हातापायांतून निघून पेटीत गेले. आणि पेटी बिघडून गाडीखालून उतरवावी लागली, की ती उतरवणाऱ्या व पुन्हा बसवणाऱ्या मिस्त्रीच्या हातांत ते प्रकट होते. स्थलांतर म्हणजे काय हे आपणां वाचकांना वेगळे सांगावयास नको. जागा बदलते, घराणे चालू राहते.

मोटारीला गिअर लागतात ते तिच्या इंजिनाच्या स्वभावामुळे. बैल उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावू शकतो. पेट्रोलचे इंजिन तसे करू शकत नाही. ते वेगाने फिरत असेल तरच त्याच्या अंगी बळ असते. म्हणून गाडी हलवताना आणि चढावर इंजिनाचे फेरे अधिक व चाकांचे फेरे कमी, आणि सपाटीवर याच्या उलट, अशी व्यवस्था करावी लागते. फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर यांनी १८९१ च्या सुमारास पानार-लव्हासोर गाडीसाठी सरकत्या दातेरी चक्रांची जी रचना केली, तिच्यापासून पुढच्या बहुतेक सर्व हाती गिअरबॉक्सांचा वंश चालू झाला. ही रचना रांगडी होती. वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे एकमेकांत सरकवावयाची, म्हणजे दात घासले जाणारच. तो कर्कश आवाज टाळण्यासाठी चालक क्लच दोनदा दाबीत, मध्यंतरी इंजिनाची गती अंदाजाने जुळवीत, आणि कानावर विश्वास ठेवून दांडा सरकवीत. महाभारतात शल्याला सारथ्य करावयास राजी करणे ही जशी राजकारणाची बाब ठरली, तसेच त्या काळी चांगला चालक मिळणे ही श्रीमंतांच्या घरी चिंतेची बाब होती.

पैशाने हे कसब विकत घेता येत नव्हते. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३५ च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग यांनी बांधलेली ड्यूसेनबर्ग मोटार आजही संग्राहकांत विख्यात आहे. त्या काळातील अत्यंत महागड्या व वेगवान गाड्यांत तिची गणना होते. तीतही तीन गतींचा गिअर हातानेच बदलावा लागे. राजा असो वा रंक, क्लचपुढे सर्व समान होते.

हा अडसर दूर करण्याचे पहिले मोठे श्रेय अर्ल थॉम्पसन या अमेरिकन अभियंत्याकडे जाते. दोन चक्रांची गती दात मिळण्यापूर्वीच घर्षणाने जुळवून घेणारी त्यांची ‘सिंक्रोमेश’ योजना १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत आली, आणि दात घासण्याचा आवाज हळूहळू इतिहासजमा झाला. परंतु थॉम्पसन तेथे थांबले नाहीत. गिअर केव्हा बदलावा हा निर्णयही यंत्रानेच घ्यावा, या दिशेने त्यांनी जनरल मोटर्समधील एका लहान चमूसह पुढील दशक खर्च केले.

त्यांच्यासमोर जुन्या दोन कल्पना तयार होत्या. पहिली ग्रहमालिकेची. मध्ये एक सूर्यचक्र, त्याच्याभोवती फिरणारी लहान ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कडे, अशी ही रचना असते. या तिघांपैकी एकाला रोखून धरले की उरलेल्या दोघांच्या गतीचे प्रमाण बदलते. चक्रे एकमेकांत कायमची गुंतलेली असल्यामुळे सरकवण्याचा आणि दात घासण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हेन्री फोर्ड यांच्या १९०८ सालच्या ‘मॉडेल टी’ गाडीत दोन गतींची अशी ग्रहमालिका होती; ती पायाने दाबून चालवावी लागे. दुसरी कल्पना जर्मनीतील हेर्मान फ्योटिंगर यांची. स्टेटिन येथील व्हुल्कान जहाज कारखान्यात काम करीत असताना, वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनचे बळ संथ फिरणाऱ्या पंख्याला कसे द्यावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या उपायात दोन पाती असलेली चाके द्रवाने भरलेल्या डब्यात समोरासमोर बसवली होती. एक फिरले की द्रव उसळून दुसऱ्यावर आदळतो आणि तेही फिरू लागते. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला असता दुसरा हलू लागतो, तसाच हा प्रकार. मध्ये लोखंडाला लोखंड चिकटलेले नसल्याने इंजिन चालू ठेवूनही गाडी उभी राहू शकते. क्लचच्या पेडलची गरज येथेच संपली.

या दोन कल्पनांना तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपांची जोड देऊन थॉम्पसन यांच्या चमूने ‘हायड्रामॅटिक’ सिद्ध केला. गाडीचा वेग आणि चालकाने दाबलेले अ‍ॅक्सिलरेटर या दोहोंच्या तुलनेवरून झडपा ठरवीत की कोणता गिअर हवा. १९३९ च्या उत्तरार्धात, १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी, तो अवघ्या ५७ डॉलर जादा किमतीत देऊ केला गेला. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकमध्ये आला. चार गतींचा हा गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर तयार झालेला जगातील पहिला खरा स्वयंचलित गिअरबॉक्स होय. या कामगिरीबद्दल थॉम्पसन आणि त्यांचे पाच सहकारी यांना १९६३ मध्ये अमेरिकेतील एल्मर स्पेरी पुरस्कार देण्यात आला.

हायड्रामॅटिक बाजारात येतो न येतो तोच अमेरिका महायुद्धात ओढली गेली. नागरी मोटारींचे उत्पादन १९४२ मध्ये थांबले. परंतु गिअरबॉक्स रणांगणावर गेला. एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि त्यांना दोन हायड्रामॅटिक जोडलेले होते. पुढे एम-२४ ‘चॅफी’ रणगाड्यातही तीच योजना राहिली. नव्याने भरती झालेल्या पोराला क्लचचे शिक्षण देण्यात आठवडे घालवण्यापेक्षा हे सोयीचे होते. १९७१ च्या नोव्हेंबरात बांगलादेशाच्या सीमेवर गरीबपूर येथे आपल्या सैन्याने जे पाकिस्तानी चॅफी रणगाडे निकामी केले, ते याच जातीचे.

युद्धानंतरचे एक प्रकरण मात्र मला या सबंध इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. रणांगणावर पाय गमावलेले हजारो तरुण अमेरिकेत परतले. क्लचची गाडी त्यांना चालवता येणे शक्य नव्हते. १९४६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून एक वा दोन्ही पाय गमावलेल्या सैनिकास मोटारीसाठी १,६०० डॉलरपर्यंत अनुदान मंजूर केले. ओल्ड्समोबीलने ‘व्हॅलियंट’ या योजनेखाली हायड्रामॅटिक गाड्यांना हाताने चालवावयाची साधने बसवून दिली. स्वयंचलित गिअर म्हणजे आळशांची चैन, अशी टीका तेव्हाही होत होती व आजही होते. ज्याचा डावा पाय मांडीपासून गेला आहे, त्याच्या दृष्टीने तीच वस्तू कामावर जाण्याचे आणि आपला संसार आपण चालवण्याचे साधन होती. कसब यंत्रात गेल्यामुळे ज्यांना ते कसब शरीराने शक्यच नव्हते, त्यांना रस्ता खुला झाला.

त्यानंतर प्रगतीचा वेग वाढला. ब्यूइकने १९४८ मध्ये ‘डायनाफ्लो’ आणला. त्यात साध्या द्रवजोडणीऐवजी टॉर्क कन्व्हर्टर होता. दोन चाकांमध्ये तिसरे एक पातींचे चाक बसवून परतणाऱ्या तेलाची दिशा वळवली, की सुरुवातीच्या क्षणी इंजिनाचे बळ वाढवून मिळते. हाच टॉर्क कन्व्हर्टर. १९४९ मध्ये पॅकार्डने, तर १९५० मध्ये शेव्हरोलेने आपापले गिअरबॉक्स आणले. इंग्लंडच्या रोल्स-रॉइसने १९५२ पासून स्वतःची रचना करण्याऐवजी हायड्रामॅटिकच पसंत केला. हॉवर्ड सिम्प्सन यांनी एकाच सूर्यचक्रावर दोन ग्रहमालिका बसवण्याची सुटसुटीत रचना शोधली. १९५६ च्या क्राइस्लर ‘टॉर्कफ्लाइट’ने तिचा अवलंब केला, आणि पुढे कित्येक दशके जगभरच्या कंपन्या तिच्यावर विसंबून राहिल्या. १९५० चे दशक संपेपर्यंत अमेरिकेतील बहुसंख्य नव्या गाड्या स्वयंचलित झाल्या होत्या.

कसब एका पेटीत एकवटले की संकटही एकवटते, याचा प्रत्यय १२ ऑगस्ट १९५३ रोजी आला. मिशिगनमधील लिव्होनिया येथे हायड्रामॅटिकचा प्रचंड कारखाना होता. सुमारे ३४ एकरांवर एकच छप्पर, आणि मध्ये आग अडवणाऱ्या भिंती नाहीत. छताजवळ गॅसने लोखंड कापताना ठिणग्या उडून तेलकट द्रव भरलेल्या तबकात पडल्या. डांबराचे थर असलेले छप्पर वितळून जळते थेंब खाली पडू लागले, आणि काही तासांत सबंध कारखाना भस्मसात झाला. काही कामगार प्राणास मुकले. त्यावेळेपर्यंतची उद्योगक्षेत्रातील ही सर्वांत मोठी अग्निहानी मानली गेली, आणि कारखान्यांत अग्निरोधक भिंती व पाण्याचे फवारे यांविषयीचे विचार त्यानंतर बदलले. कॅडिलॅक, ओल्ड्समोबील व पाँटिअॅकच नव्हे, तर नॅश, हडसन आणि प्रतिस्पर्धी फोर्डची लिंकन गाडीसुद्धा याच गिअरबॉक्सवर अवलंबून होती. कंपनीने विलो रन येथील, युद्धात बाँबफेकी विमाने जेथे बनत, त्या इमारतीत तीन महिन्यांच्या आत उत्पादन पुन्हा सुरू केले. मधल्या काळात कॅडिलॅक व ओल्ड्समोबीलला ब्यूइकचा डायनाफ्लो आणि पाँटिअॅकला शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड बसवण्यात आला. एका जातीच्या गिअरबॉक्सच्या जागी दुसऱ्या जातीचा बसवणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने गॅरेजात पाहिले आहे, त्यालाच या पराक्रमाची किंमत कळेल.

आता आपण गॅरेजात उतरू. स्वयंचलित गिअरबॉक्स गाडीतून काढणे आणि पुन्हा बसवणे या कामात वरील सर्व इतिहास एकेका पायरीने हाताला लागतो. प्रथम बॅटरीची ऋण बाजू सोडवतात. मग तेल काढतात. खालचा नट उघडला तरी सगळे तेल निघत नाही. बराच भाग टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात राहतो. फ्योटिंगर यांचा तो द्रवाचा डबा येथे आपले अस्तित्व दाखवतो. या तेलालाही स्वतःचा इतिहास आहे. ते वंगणाचे काम करते, दाब वाहून नेते, उष्णता बाहेर काढते, आणि आतल्या क्लचपट्ट्यांना योग्य तेवढी पकडही देते. ही पकड साधण्यासाठी १९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत त्यात स्पर्म जातीच्या देवमाशाच्या तेलाचा अंश घालीत. अमेरिकेने हा देवमासा १९७० मध्ये संकटग्रस्त ठरवल्यावर रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. महासागरातील प्राण्याचा संबंध शहरातील गुळगुळीत गिअरशी असावा, हे वाचून नवल वाटते.

तेलानंतर पाठीमागचा प्रोपेलर शाफ्ट, अथवा पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंचे अॅक्सल, तेल थंड करणाऱ्या नळ्या, विजेच्या जोडण्या आणि गिअरच्या दांड्याची जोडणी सोडवतात. हा दांडा दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याच्या खुणांच्या क्रमावर जीव गेलेले आहेत. सुरुवातीच्या हायड्रामॅटिकला ‘पार्क’ हे स्थानच नव्हते, आणि पुढे जाण्याचा कमी गतीचा गिअर ‘रिव्हर्स’च्या शेजारी होता. घाईत एक खाच चुकली की गाडी उलट्या दिशेने उसळे. कंपन्यांचे क्रम निरनिराळे असल्याने दुसऱ्याची गाडी हाती घेणारा हमखास फसे. राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात यावर टीका केली. त्याच सुमारास अमेरिकन सरकारने स्वतःच्या खरेदीच्या गाड्यांसाठी पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो हा क्रम आवश्यक ठरवला. आणि १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकाने पुढचा व उलटा गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल असणे सर्वांवर बंधनकारक केले. सरकारी खरेदीच्या अटींकडे आपण कंटाळवाणे कागद म्हणून पाहतो. त्या कागदांनी किती माणसे वाचवली, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

यापुढचे काम नाजूक आहे. इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो, कारण त्याचा मागचा भार गिअरबॉक्सच्या आधारावरच असतो. टॉर्क कन्व्हर्टर इंजिनामागच्या पातळ तबकडीला बोल्टांनी जोडलेला असतो. लहान खिडकीतून एकेक बोल्ट दिसेल असे इंजिन हाताने फिरवीत ते सोडवतात. मग गिअरबॉक्स जॅकवर तोलून, भोवतालचे बोल्ट काढून, तो सरळ रेषेत मागे घेतात. लहान गाडीतही त्याचे वजन साधारण ६० ते ९० किलो भरते. कन्व्हर्टर त्याच्याबरोबरच बाहेर आला पाहिजे. तो इंजिनाला चिकटून राहिला आणि गिअरबॉक्स वाकडा ओढला, तर पुढचे सील आणि पंप यांना इजा झालीच म्हणून समजावे.

खरी परीक्षा परत बसवताना होते. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तोंडावर ठेवून हळूहळू फिरवीत आत ढकलतात. त्याला एकापाठोपाठ एक तीन ठिकाणी जुळावे लागते : मधल्या शाफ्टच्या दात्यांवर, त्याबाहेरच्या स्थिर नळीच्या दात्यांवर, आणि सर्वांत शेवटी तेलाच्या पंपाच्या खाचांत. प्रत्येक वेळी तो किंचित आत बसतो, आणि हाताला एक हलका धक्का जाणवतो. नवशिका दोन धक्क्यांवर समाधान मानतो. वरून सारे ठीक दिसते. मग जागा पुरत नाही म्हणून तो बोल्ट आवळून गिअरबॉक्स इंजिनाकडे ओढतो, आणि पंप आतल्या आत फुटतो. जाणता मिस्त्री बोल्टांच्या जोरावर कधीही ओढीत नाही. दोन्ही तोंडे हाताने भिडली पाहिजेत, भिडल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे, आणि तो व तबकडी यांच्यात काही मिलिमीटरांची फट उरली पाहिजे. अचूक माप त्या त्या गाडीच्या पुस्तकात असते. जुना गिअरबॉक्स आतून झिजून मोडला असेल, तर त्याचा चुरा थंड करणाऱ्या नळ्यांत अडकलेला असतो. त्या धुतल्या नाहीत, तर नवा गिअरबॉक्सही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो. शेवटी नेमक्या जातीचे तेल थोडेथोडे भरून, इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानाला त्याची पातळी पाहतात. आजच्या गाड्यांत त्यानंतर संगणकाला नव्या पेटीची ओळखही करून द्यावी लागते.

वाचकांच्या लक्षात आले असेलच, की ज्या स्पर्शज्ञानापासून चालकाची सुटका झाली, तेच स्पर्शज्ञान येथे मिस्त्रीच्या बोटांत पुन्हा अवतरले आहे. पूर्वी दात जुळल्याची खूण चालकाच्या तळहाताला कळे; आता ती तीन हलक्या धक्क्यांनी मिस्त्रीला कळते. फरक इतकाच, की चालकाचे कसब चारचौघांना दिसत होते आणि मिस्त्रीचे गाडीखाली झाकलेले राहते.

आपल्या देशात हा इतिहास फार उशिरा आला. स्वातंत्र्यानंतर आयात आवळली गेली, आणि अँबॅसेडर, फियाट व पुढे मारुती यांच्या क्लच-गिअरवर आपल्या मिस्त्र्यांच्या दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. उदारीकरणानंतर स्वयंचलित गाड्या दिसू लागल्या, तरी त्या प्रायः सधनांच्याच दारी होत्या. २०१४ मध्ये मारुतीच्या ‘सेलेरिओ’ने चित्र पालटले. त्यातला गिअरबॉक्स मुळात हातीच. क्लच दाबण्याचे आणि गिअर सरकवण्याचे काम तेवढे यंत्र करते. किंमत आवाक्यात आल्यामुळे गुडघे दुखणारे ज्येष्ठ, शहरी गर्दीत रोज अडकणारे नोकरदार आणि अपंग बांधव यांची मोठी सोय झाली. परंतु या गाडीचा गिअरबॉक्स उतरवण्याची रीत वेगळी, टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीची वेगळी, आणि पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरची आणखी वेगळी. या पट्ट्याचा पूर्वज हॉलंडमध्ये डाफ गाडीत १९५८ सालीच आला होता. एवढ्या भिन्न जातींची यंत्रे एकाच गॅरेजात येतात, आणि त्यांची माहितीपुस्तके बहुधा इंग्रजीत असतात.

येथे एक प्रश्न आपल्यासारख्या साहित्यप्रेमी मंडळींसमोरही उभा राहतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन स्थापले, तेव्हा त्याचे प्रमुख प्रा. गज्जर यांचा आग्रह तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून द्यावे असा होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग बेळगावातील सायकलच्या दुकानापासून वाढला, आणि त्या उद्योगाच्या कुटुंबातूनच १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे मराठी मासिक निघाले. यंत्र आणि मराठी यांचे वैर आहे, असे त्या पिढीने मानले नाही. आज मात्र कन्व्हर्टरच्या तीन धक्क्यांचे ज्ञान गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात जाते, आणि गुरू गेला की त्याच्याबरोबर जाते. ते कागदावर येत नाही.

विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना गिअर बदलावेच लागत नाहीत, कारण विजेची मोटर उभ्या जागेवरून पूर्ण जोर लावते. त्या अर्थी बैलाचा गुण यंत्राला पुन्हा मिळाला आहे. म्हणजे ही पेटीही कालांतराने संग्रहालयात जाईल. कसब तोवर बॅटरी आणि विद्युत यंत्रणा सांभाळणाऱ्या नव्या हातांत स्थलांतरित झालेले असेल. ते हात कोणाचे असतील, त्यांना शिक्षण कोणत्या भाषेत मिळेल, आणि समाज त्यांना मान देईल की नाही, हे मात्र यंत्र ठरवीत नाही. ते आपणच ठरवावयाचे आहे.